चाळणी कुणाच्या हाती?

१

आपल्या नियतकालिकांतून कथा, कविता, आत्मकथने यांची समीक्षा होत असते. ती व्हायलाच हवी. परंतु आज आपला विद्यार्थी, आपला कार्यकर्ता आणि खरे सांगायचे तर आपला प्राध्यापकही रोज जे सर्वांत जास्त वाचतो ते यांपैकी काहीच नाही. तो वाचतो मित्रांनी फोनवर टाकलेला मजकूर. कुणाचे लग्न, कुणाची बदली, कुणाच्या गावचा मोर्चा, कुणाची कविता, कुणाच्या मुलीचे दहावीचे गुण. हे सारे एकाखाली एक येत राहते. डोळे उघडल्याबरोबर आपण ते वाचतो आणि डोळे मिटेपर्यंत वाचतो. एवढ्या प्रमाणावर वाचल्या जाणाऱ्या या मजकुराची समीक्षा मात्र आपण करीत नाही. त्याला आपण वाङ्मय मानत नाही, वेळ घालवण्याचे साधन मानतो.

माझे म्हणणे असे आहे की, हा मजकूर म्हणजे एक अंकच आहे. त्याचे लेखक आपले मित्र आहेत आणि वाचक आपण. मग त्याचा संपादक कोण? कोणत्याही अंकाची चिकित्सा करताना आपण संपादकाचे धोरण तपासतो. त्याने काय घेतले, काय परत पाठवले, कुणाला पहिले पान दिले आणि कुणाला शेवटच्या पानाचा कोपरा दिला, हे आपण विचारतो. दलित साहित्याच्या चळवळीचा जन्मच मुळी या प्रश्नातून झाला. प्रस्थापित मासिकांच्या टेबलावरून आपले लेखन परत येत होते, म्हणून आपण आपली मासिके काढली. मग रोज हातात पडणाऱ्या या अंकाला तोच प्रश्न आपण का विचारीत नाही?

धान्य घरात आले की आई ते चाळून घेत असे. खडे, माती, भुसा खाली जाई आणि दाणा वर राही. चाळणीशिवाय भाकरी होत नाही, हे मला मान्य आहे. पण चाळणीची भोके किती मोठी ठेवायची आणि खडा कशाला म्हणायचे, हे ज्याच्या हाती असते त्याच्यावर ताटात काय येणार ते ठरते. मित्रांच्या मजकुरावर आज तीन चाळण्या लागलेल्या आहेत. पहिली कंपनीची, दुसरी जातीची आणि तिसरी आपली स्वतःची. तिसरीविषयी लिहिणे मला सर्वांत अवघड जाणार आहे, कारण तेथे आरोपी मीच आहे.

२

प्रथम कंपनीची चाळणी.

फेसबुक २००४ साली सुरू झाले. आरंभी एखाद्या मित्राचे काय चालले आहे हे पाहायचे तर त्याच्या पानावर जावे लागे. मित्राच्या घरी जाऊन ख्यालीखुशाली विचारावी तसा तो प्रकार होता. ५ सप्टेंबर २००६ रोजी कंपनीने 'न्यूज फीड' आणले. आता सगळ्या मित्रांच्या खबरा एकत्र होऊन आपल्या दारी येऊ लागल्या. वापरणाऱ्यांनी, आणि त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते, त्या वेळी मोठा निषेध केला. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवते आहे असे त्यांना वाटले. कंपनीच्या प्रमुखाने चूक कबूल केली, काही बंधने घालण्याची सोय दिली, पण फीड काढून घेतले नाही.

मित्र वाढले, खबरा वाढल्या, तेव्हा निवड करणे भाग पडले. ती निवड कुणी करायची? ती यंत्राकडे गेली. तुम्ही कोणत्या मित्राशी वारंवार बोलता, कशापुढे थांबता, कशाला 'लाइक' करता, यांवरून तुम्हांला काय आवडेल याचा हिशेब यंत्र करते आणि त्याप्रमाणे पाने लावते. हे 'लाइक'चे बटण २००९ साली आले. वरवर पाहता हे सोयीचे वाटते. पण हिशेब मांडणाऱ्याचा स्वार्थ कशात आहे ते पाहिले पाहिजे. आपण जितका वेळ पडद्यापुढे राहू तितक्या जाहिराती दिसणार. तेव्हा या संपादकाचे धोरण एकच. वाचकाने अंक खाली ठेवता कामा नये.

हा संपादक काय करू शकतो याचा पुरावा कंपनीनेच दिलेला आहे. जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ माणसांच्या फीडवर एक आठवडाभर प्रयोग करण्यात आला. काहींना मित्रांच्या आनंदाच्या पोस्ट कमी दाखवण्यात आल्या, काहींना दुःखाच्या कमी दाखवण्यात आल्या. आणि त्यानंतर ती माणसे स्वतः काय लिहितात ते मोजले गेले. फरक पडला. तो लहान होता, पण पडला. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर गदारोळ उठला. तेथे मित्र खरे होते आणि त्यांचे शब्दही खरे होते. खोटे काहीच लिहिले गेले नव्हते. केवळ कोणता मित्र आज दिसावा आणि कोणता दिसू नये, एवढ्यानेच माणसाच्या मनाचा रंग बदलता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण आपल्या साहित्यविचाराच्या अगदी जवळचे आहे. २०१६ साली 'लाइक'च्या जोडीला हसरा, रडका, रागीट असे चेहरे आले. २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. २०१७ पासून या चेहऱ्यांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन दिले जात होते, आणि त्यांत रागीट चेहराही होता, असे त्यांतून उघड झाले. संतापजनक मजकुरात खोट्या बातम्या आणि विखार जास्त असतो हे कंपनीच्याच संशोधकांच्या ध्यानी आले. पुढे रागाचे वजन टप्प्याटप्प्याने उतरवत २०२० मध्ये शून्यावर आणले गेले.

आता जरा विचार करा. विद्रोह हे आपल्या साहित्याचे प्राणतत्त्व आहे. पण ज्या रागाला कंपनी पाचपट भाव देते तो राग आणि आपला विद्रोह एकच आहे काय? आपल्या विद्रोहामागे वेदना आहे, त्या वेदनेचे कारण शोधणारी बुद्धी आहे आणि माणसाच्या प्रतिष्ठेचे स्वप्न आहे. फीडला यांतले काहीच नको आहे. तिला फक्त ठिणगी हवी. त्या काळात आमच्या काही तरुण कवींची भाषा माझ्या डोळ्यांदेखत बदलली. ओळी आखूड झाल्या, शिव्या वाढल्या, शत्रूचे नाव पहिल्या ओळीत येऊ लागले, आणि कवितेतला माणूस, त्याची आई, त्याचे घर, त्याची भूक हळूहळू नाहीशी झाली. कवीला वाटले की आपण अधिक विद्रोही झालो. वास्तविक तो एका अदृश्य संपादकाच्या पसंतीस उतरायला शिकला होता. ज्या संपादकाला नकार द्यायचा त्याच्याच मागणीप्रमाणे नकार लिहून देणे, याला विद्रोह म्हणता येत नाही.

आणि ज्या मित्रांच्या नावाने हे सारे चालते ते मित्र तरी उरले आहेत काय? जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केले होते की, यापुढे मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टला प्राधान्य मिळेल. सात वर्षांनी, २०२५ मध्ये, अमेरिकेत मक्तेदारीच्या खटल्यात याच कंपनीने न्यायालयापुढे आकडे ठेवले. फेसबुकवर लोक जो वेळ घालवतात त्यातला मित्रांचा मजकूर पाहण्यात जाणारा वाटा दोन वर्षांत २२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला होता, आणि इन्स्टाग्रामवर ११ वरून ७ टक्क्यांवर. बाकीचे सारे अनोळखी लोकांचे नाच, जेवण, भांडणे आणि जाहिराती. मित्राचे आमंत्रण दाखवून आपल्याला आत बोलावले आणि आत बाजार भरवला, असा हा व्यवहार आहे.

कुणी म्हणेल, मग आपणच आपली चाळणी का लावू नये? लुई बार्कले नावाच्या ब्रिटिश तरुणाने तसे करून पाहिले. सगळ्या मित्रांना आणि पानांना एकदम 'अनफॉलो' करून फीड रिकामे करणारे एक साधन त्याने बनवले. मैत्री मोडायची नाही, फक्त फीड थांबवायचे. ज्याची खबर हवी त्याच्या पानावर आपण होऊन जायचे. कंपनीने २०२१ मध्ये त्याला कायदेशीर नोटीस पाठवली आणि फेसबुकवरून कायमचे बाहेर काढले. चाळणी वाचकाच्या हाती जाणे कंपनीला किती झोंबते, हे यावरून दिसते.

३

आता दुसरी चाळणी. ती कंपनीहून पुष्कळ जुनी आहे.

१९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता, हे बाबासाहेबांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. नकार मजकुराला नव्हता, कारण मजकूर अजून कुणी वाचलाच नव्हता. 'हे असे एक पत्र निघत आहे' एवढी खबरही आपल्या वाचकांपर्यंत जाऊ नये, ही ती चाळणी होती.

फेसबुक आरंभी विद्यार्थी आणि काही संस्था यांच्यापुरते होते. ते सर्वांसाठी खुले झाले २६ सप्टेंबर २००६ रोजी. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. जगातल्या कुणाही माणसाला आपली खबर मित्रांना कळवण्याचे दार ज्या आठवड्यात उघडले, त्याच आठवड्यातली ही घटना. मोठ्या वृत्तपत्रांतून तिचे खरे स्वरूप बाहेर यायला कित्येक आठवडे गेले. खबर पुढे नेली ती कार्यकर्त्यांनी आणि आपल्या छोट्या पत्रांनी, गावोगाव जाऊन.

नवे दार उघडल्यावर जुनी चाळणी मोडली, असे आपल्याला वाटले होते. काही प्रमाणात ते खरेही आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला तेव्हा त्याचे अखेरचे पत्र विद्यार्थ्यांनी फोनवरून देशभर नेले. त्याने फेसबुकवर जे लिहिले होते त्याचे पुढे 'कास्ट इज नॉट अ रूमर' या नावाने इंग्रजीत पुस्तक निघाले. म्हणजे मित्रांसाठी टाकलेला मजकूर वाङ्मय ठरू शकतो, याला आता ग्रंथाचा आधार आहे. पण समीक्षकाने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. तो हयात असताना हे लेखन किती जणांनी थांबून वाचले? की पुस्तक होण्यासाठी लेखकाला आधी मरावे लागते?

जातीची चाळणी आता कशी चालते ते पाहू. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जात म्हणजे बंदिस्त वर्ग, असे दाखवून दिले. कुंपण बाहेरच्यांनी घातले असो की आतल्यांनी, वर्ग बंद झाला की जात झाली. फोनवर मित्र सुचवले जातात ते मुख्यतः सामाईक मित्रांवरून. तुमच्या दहा मित्रांचा जो मित्र, तो तुमचाही मित्र असावा, असा हा तर्क आहे. ज्या समाजात लग्न जातीत होते, घर जातीच्या आळीत असते आणि दोस्ती बहुधा आडनाव ऐकून होते, त्या समाजात हा तर्क काय करील? तो आळीलाच आळी जोडत जाईल. यंत्राला जात माहीत असण्याची गरज नाही. आपण जातीने वागतो आणि यंत्र आपल्या वागण्याची नक्कल करते.

त्यावर माणसाच्या हाताची चाळणी आहेच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये फेसबुकने 'स्नूझ' नावाची सोय आणली. एखाद्या मित्राचा मजकूर तीस दिवस दिसत नाही, मैत्री मात्र कायम राहते आणि त्या मित्राला याचा पत्ताही लागत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी आहेत. माणूस सज्जन, माझ्या आजारपणात धावून आलेला. एकदा चहा पिताना ते हसत म्हणाले, "सर, राग मानू नका, पण एप्रिल आला की मी तुम्हांला महिनाभर स्नूझ करतो. मेमध्ये पुन्हा भेटूच."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे मला नंतर फार दिवस टोचत राहिले. त्यांच्या घरचे दहा दिवसांचे गणपती मी पाहतो, मुंजीचे फोटो पाहतो, आणि खाली 'अभिनंदन' लिहितो. ते त्यांचे घरगुती जीवन असते. माझा १४ एप्रिल मात्र राजकारण ठरतो. माझ्या आईने वर्षातून एकदा नेसलेले पांढरे लुगडे, विहारातली खीर, पोरांचे लेझीम हे घरगुती नाही. पूर्वी आमची सावली पडू नये म्हणून दिवसाची ठराविक वेळ टाळावी लागे. आता महिना टाळतात. दोहोंत फार मोठे अंतर आहे, हे मी विसरत नाही. त्या सहकाऱ्याला मी पेशव्यांच्या पंक्तीला बसवत नाही. पण 'तू चालतोस, तुझे चालत नाही' हा या मैत्रीचा नियम आहे, आणि तो नियम मला ओळखीचा आहे.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात आदर्श समाजाची कसोटी सांगितली आहे. अशा समाजात एका भागात घडलेला बदल दुसऱ्या भागापर्यंत वाहून नेणारे असंख्य मार्ग मोकळे असले पाहिजेत, आणि हितसंबंध, सुखदुःखे जाणीवपूर्वक एकमेकांना कळवली व वाटून घेतली गेली पाहिजेत. लोकशाही त्यांच्या दृष्टीने मुख्यतः एकत्र जगण्याची रीत होती. या कसोटीवर पाहिले तर मैत्री ठेवून खबर बंद करणे म्हणजे नेमका तोच मार्ग बुजवणे होय. पाटी जागेवर आहे, रस्ता मात्र बंद आहे.

४

येथपर्यंत लिहिणे सोपे होते. आता तिसरी चाळणी.

माझा आजा येसकर होता. गावात कुणीही मेले की मयताचा सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावी पायी जायचे, हे त्याच्या वाट्याला आलेले काम. रात्र असो, पाऊस असो, ओढ्याला पूर असो, सांगावा पोचला पाहिजे. पोचल्यावर गावाबाहेर उभे राहून हाक द्यायची आणि दुरून वाढलेली भाकर घेऊन परत फिरायचे. साऱ्या गावाची खबर ज्यांनी पिढ्यान्पिढ्या वाहिली त्यांची खबर वाहायला कुणी नव्हते. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. माझ्या बापाने ते काम कधी केले नाही. मी तर शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि महाविद्यालयात शिकवू लागलो.

आमच्या वस्तीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात दिवसाला शंभर-दीडशे मेसेज येतात. पहाटे 'जयभीम, शुभ सकाळ'ची चित्रे, मग पुढाऱ्यांचे वाढदिवस, कुणाचे हरवलेले आधार कार्ड, कुणाचे लोन, कुठून तरी आलेली खोटी नाटी माहिती. वर्गात शिकवताना खिशात फोन थरथरे. पेपर तपासताना थरथरे. एके दिवशी मी तो ग्रुप कायमचा मुका केला आणि 'अर्काइव्ह'मध्ये टाकून दिला. ग्रुप सोडला असता तर ते ॲडमिनला कळले असते, वस्तीत चर्चा झाली असती. अर्काइव्ह केल्याचे कुणाला कळत नाही. ज्या सोयीसाठी मी त्या सहकाऱ्यावर मनातल्या मनात रागावलो होतो, तीच सोय मी माझ्या माणसांवर वापरली होती.

माझी थोरली आत्या एका पहाटे गेली. मी अकरावीला असताना माझ्या फीसाठी तिने दोन महिने ऊस तोडला होता. सकाळी साडेपाचला ग्रुपवर खबर पडली. माती दुपारी दोनला होती. मी त्या दिवशी कॉलेजात 'दलित आत्मकथनातील सामूहिक जाणीव' या विषयावर तास घेत होतो. रात्री नऊला चुलतभावाचा फोन आला, तेव्हा सारे आटोपले होते. मी विचारले, "अरे, मला कळवलं का नाही?" तो म्हणाला, "दादा, ग्रुपवर टाकलं व्हतं की सकाळीच." मग बापाने फोन घेतला. तो म्हणाला, "आमचंच चुकलं बाबा. तुला निराळा फोन लावायला पाहिजे होता. तुझी कामं असत्यात."

या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बापाने मला दोष दिला नाही. मला निराळा फोन लागतो, मी निराळा झालो आहे, हे त्याने मान्य करून टाकले होते. आज्याने परक्यांच्या मयताचा सांगावा पूर ओलांडून पोचवला आणि नातवाच्या खिशात येऊन पडलेला घरच्या मयताचा सांगावा नातवाने झाकून ठेवला.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर मी येथे मांडला नसता. शिकलेल्या दलित माणसाच्या पांढरपेशेपणावर आपण अनेक वर्षे बोलत आलो आहोत. तो वस्ती सोडून कॉलनीत गेला, त्याने आडनाव बदलले, अशी टीका होते. पण नवा पांढरपेशेपणा अंगावर दिसत नाही. तो जयंतीला हजर असतो, वर्गणी देतो, निळा गमछा घालतो. तो फक्त खिशातल्या फोनमध्ये वस्तीला मुकी करून ठेवतो. आणि जे आपण दाखवतो त्यालाही आपलीच चाळणी असते. 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाकलेल्या माणसाला आपण मित्र दिसतो, पण फक्त सर्वांसाठी खुला असलेला मजकूर त्याला दिसतो. वस्तीतल्या पोरांना त्या यादीत टाकून स्टाफरूमला परदेशी परिषदेचे फोटो दाखवणारे, आणि उलट स्टाफरूमला यादीत टाकून वस्तीला मोर्चाचे फोटो दाखवणारे, असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारामागची भीती मला समजते. पहिल्याला मात्र समर्थन नाही.

५

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माणसाने सारेच वाचावे काय? फेसबुकवर पाच हजारांपर्यंत मित्र करता येतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपात २०२२ पासून एक हजार चोवीस माणसे मावतात. एवढ्यांचे सुखदुःख एका काळजात मावणार नाही. विद्यार्थ्याला अभ्यास करायचा आहे, कार्यकर्त्याला गावे फिरायची आहेत. शिवाय आपल्या माणसांना, विशेषतः लिहित्या स्त्रियांना, ज्या घाणेरड्या शिव्या खाव्या लागतात त्या रोज वाचत बसणे म्हणजे सहिष्णुता नव्हे. फेसबुकच्या नियमांत जात ही संरक्षित ओळख आहे, तिच्यावरून केलेला हल्ला काढून टाकला पाहिजे. पण 'सरकारचे जावई', 'कोट्यातले' हे शब्द यंत्राला शिवी वाटत नाहीत. मराठीतली जातीय कुचेष्टा व्याकरणशुद्ध असते. तेव्हा शिवी देणाऱ्याला सरळ 'ब्लॉक' करावे, त्यात अपराध वाटण्याचे कारण नाही. अपमान करणाऱ्याचा अपमान ऐकून घेण्याचे वेठबिगारीचे वतन आपण केव्हाच टाकून दिले आहे.

म्हणजे चाळणी असावी की नसावी हा वादच नाही. खडा कशाला म्हणायचे हा वाद आहे. शिवी हा खडा आहे, खोटी खबरही खडाच आहे. कालाम सुत्तात बुद्धाने ऐकीव गोष्ट, परंपरेने आलेली गोष्ट, मोठ्याच्या तोंडून आलेली गोष्ट तेवढ्यावरून स्वीकारू नका, स्वतः तपासा, असे सांगितले. 'फॉरवर्ड' झालेल्या मजकुराला हा उपदेश अक्षरशः लागू आहे, मग तो आपल्या ग्रुपातला का असेना. पण दुसऱ्याचे दुःख, दुसऱ्याचा सण, दुसऱ्याची गरज, दुसऱ्याची अडाणी भाषा हा खडा नाही. तो दाणा आहे. आपल्याला चावायला जड जातो एवढेच.

या विचारातून मी स्वतःपुरते काही ठरवले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो. वस्तीचा ग्रुप मी अर्काइव्हमधून बाहेर काढला. तो मुकाच आहे, पण डोळ्यांसमोर आहे, आणि सकाळ-संध्याकाळ मी तो उघडतो. ग्रुपातल्या पोरांशी बोलून आम्ही दुसरा एक ग्रुप काढला. त्यात फक्त मयत, आजारपण, रक्त, प्रवेश, शिष्यवृत्तीची मुदत आणि अत्याचाराची खबर पडते, बाकी काही टाकायचे नाही. शुभ सकाळ जुन्या ग्रुपात राहिली. त्या म्हाताऱ्या माणसांचा तो नमस्कार आहे, तो बंद करण्याचा मला अधिकार नाही.

फेसबुकवर २०२२ पासून 'फीड्स' नावाचा एक वेगळा कप्पा आहे. त्यात मित्रांचा मजकूर यंत्राच्या पसंतीने लागत नाही, ताजा मजकूर वर अशा काळाच्या क्रमाने लागतो. तो आत कुठे तरी ठेवलेला आहे आणि दर वेळी शोधून उघडावा लागतो. एका रविवारी मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी दिसला. वर्षभर त्याची एकही पोस्ट मला दिसली नव्हती, म्हणून तो लिहीत नसेल असे मी धरून चाललो होतो. तो लिहीत होता. एम. ए. अर्धे सोडून तो एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला होता, आणि रात्रपाळीवर लिहिलेल्या कविता टाकत होता. एखाददुसऱ्या 'लाइक'पलीकडे त्यांना काही मिळाले नव्हते. त्यांत शिव्या नव्हत्या. त्यांत यंत्राचा आवाज होता, डबा होता, आणि कंत्राट संपण्याची तारीख होती. गेल्या काही वर्षांत मी वाचलेल्या चांगल्या कवितांत त्या बसतील. यंत्राने त्या पाचव्या पानावरही घेतल्या नव्हत्या.

व्यक्तीच्या निर्धाराने सारे होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. युरोपीय संघाच्या नव्या कायद्याने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर एक बंधन आले आहे. वापरणाऱ्याच्या सवयींचा हिशेब न मांडता मजकूर लावण्याचा एक तरी पर्याय त्यांनी दिला पाहिजे. म्हणजे संपादक नाकारण्याचा हक्क तेथे कायद्यात आला. पाणवठ्याचा हक्क आपण लढून मिळवला. खबरीचा पाणवठाही सार्वजनिक आहे आणि त्यावर कुणा खासगी मालकाची चाळणी चालणार नाही, ही मागणी आपल्या चळवळीच्या जाहीरनाम्यात अजून आलेली नाही. ती आली पाहिजे.

६

समीक्षेचे काम निवड करण्याचे असते, म्हणजे समीक्षक हाही एक चाळणीवालाच. म्हणून त्याने आपली चाळणी उजेडात धरून दाखवली पाहिजे. मी माझी दाखवली. तिची भोके माझ्या सोयीने पडली होती, आणि ज्या माणसांच्या घामातून मी शिकलो तीच माणसे तीतून खाली गळत होती.

त्या सहकाऱ्यांशी मी नंतर बोललो. म्हणालो, "सर, यंदा एप्रिलमध्ये मला झोपवू नका. पटलं नाही तर खाली लिहा, भांडू आपण." ते क्षणभर गप्प झाले. मग "बघतो" म्हणाले. पाहिले की नाही, हे मला कळण्याचा मार्ग नाही. चाळणी लावणाऱ्याचे हात आपल्याला दिसत नाहीत, असेच हे साधन घडवलेले आहे. आपले हात मात्र आपल्याला दिसतात.

आज रात्री फोन खाली ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अर्काइव्हचा कप्पा एकदा उघडावा. तेथे कोण आहे ते पाहावे. आणि त्यांतल्या एकाला तरी फोन लावावा, निराळा.